शंकूच्या बाहेरची गावं

19 मे 2021 रोजी, ऐन वैशाखात, दिल्लीचं कमाल तापमान 23.8 अंशांवर अडकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला सफदरजंगच्या वेधशाळेत मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजला, तो भरला 119.3 मिलिमीटर. मे महिन्यातल्या एका दिवसाचा आधीचा विक्रम 1976 सालचा, 60 मिलिमीटरचा. तो एका झटक्यात दुप्पट झाला. समुद्रापासून हजारभर किलोमीटर आत असलेल्या शहरावर पडलेलं ते पाणी बरंचसं अरबी समुद्राचं होतं. तौक्ते चक्रीवादळ 17 तारखेला मुंबईसमोरून वर सरकलं आणि त्याच रात्री सौराष्ट्रात शिरलं. पुढे त्याचा उरलासुरला दमट भोवरा राजस्थानवरून दिल्लीकडे आला आणि पश्चिमेकडून आलेल्या थंड प्रवाहात मिसळला. मुंबई हायच्या परिसरात पी-305 हा तराफा आणि वरप्रदा ही टगबोट बुडून 86 माणसं गेली होती, त्यांचा शोध अजून चालू होता. आणि इथे नोएडातली मुलं त्याच वादळाच्या पावसात खाली खेळायला उतरली होती.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राममध्ये राहणाऱ्या कोकणातल्या माणसाची काळजी दुहेरी असते. घर इथे, गाव तिकडे. मे-जूनमध्ये किंवा दिवाळीच्या आगेमागे समुद्रात काही शिजू लागलं की मोबाईलवर नकाशे सुरू होतात, आणि गंमत अशी की ते नकाशे निघतात आपल्या उशापासून. लोधी रोडवरच्या मौसम भवनात उत्तर हिंदी महासागरातल्या चक्रीवादळांचं विभागीय केंद्र आहे. इराणपासून थायलंडपर्यंतचे 13 देश त्याच्याशी जोडलेले आहेत. ओमान असो की म्यानमार, वादळाला नाव आणि रोजचं पत्रक मिळतं ते इथून. 1875 साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचं मुख्यालय कोलकात्याहून शिमल्याला, तिथून 1928 साली पुण्याला आणि 1944 साली दिल्लीला आलं. पुण्याच्या शिवाजीनगरातल्या जुन्या दगडी इमारतीला 'शिमला ऑफिस' म्हणतात, ती त्याचीच आठवण.

निसर्ग वादळाच्या वेळी, 2 जून 2020 च्या संध्याकाळी, श्रीवर्धनकडून मामांचा फोन आला. "काय गो, तुमची दिल्ली काय म्हणते?" दारातल्या समुद्राचा रंग ते मला सांगत होते आणि मी त्यांना लोधी रोडवरचं पत्रक वाचून दाखवत होते. हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागच्या आसपास, 3 जूनच्या दुपारी वादळ किनारा ओलांडेल, असं त्यात लिहिलं होतं. तसंच झालं. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं, ताशी 100 ते 110 किलोमीटर वाऱ्याचं, 120 चे झोत घेऊन. खात्याच्या अंदाजात चूक काढायला जागा नव्हती. तरीही श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा आणि पलीकडे मंडणगड, दापोली इथल्या माणसांना वाटत राहिलं की आपल्याला कुणी नीट सांगितलं नाही. त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही.

चक्रीवादळाच्या नकाशावर एक रेघ असते आणि तिच्याभोवती पुढे पुढे रुंदावत जाणारा शंकू. भारतीय पत्रकांत हा शंकू 2009 पासून दिसतो. तो कसा काढतात हे समजून घेतलं तर नकाशाच वेगळा दिसू लागतो. मागच्या काही वर्षांत चोवीस तास आधीचा अंदाज प्रत्यक्ष केंद्रापासून सरासरी किती किलोमीटर चुकला, अठ्ठेचाळीस तासांचा किती, बहात्तर तासांचा किती, हे काढतात. त्या त्रिज्येची वर्तुळं रेघेवरच्या त्या-त्या वेळेच्या ठिकाणी ठेवतात आणि त्यांच्या कडा जोडतात. आपल्याकडे चोवीस तासांची ही सरासरी चूक अलीकडे पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटरच्या घरात आली आहे. पूर्वीच्या मानाने ही फार मोठी कमाई आहे. पण शंकू सांगतो तो फक्त केंद्राचा अंदाज. वारा, पाऊस, समुद्राची भरती शंकूच्या बाहेर कितीही पसरलेली असू शकते. आणि सरासरी म्हटली की कधी कधी केंद्रही शंकूबाहेर जाणार, हे ओघानेच आलं.

आता कोकणाचा नकाशा घ्या. अलिबागवर कंपासचं टोक ठेवा आणि पंच्याहत्तर किलोमीटरचं वर्तुळ काढा. उत्तरेला अख्खी मुंबई त्यात येते, थेट बोरिवलीपर्यंत. दक्षिणेला हरिहरेश्वर. आदल्या दिवशी दोघांचा धोका त्या वर्तुळाच्या हिशेबाने सारखाच होता. टीव्हीवर मात्र दोन दिवस मुंबईच होती: मुंबईत वादळ कधी आलं होतं, वांद्रे-वरळी सागरी सेतू बंद होणार का, चौपाटीवर लाटा किती उंच. मुंबईत माणसं जास्त, तेव्हा बातमीही तिचीच जास्त, हे मान्य. पण ज्यांच्या अंगणात वादळ उतरलं त्यांना पडद्यावर स्वतःच्या गावाचं नाव क्वचितच ऐकू आलं.

शिवाय एक गोष्ट रेघेच्या नकाशावर मुळीच दिसत नाही. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे वादळ ज्या दिशेला चाललं आहे त्याच्या उजव्या अंगाला वाऱ्याच्या वेगात वादळाच्या चालीचा वेग मिळतो, डाव्या अंगाला तो वजा होतो. निसर्ग ईशान्येला चाललं होतं. त्याचं उजवं अंग म्हणजे दक्षिण रायगड आणि उत्तर रत्नागिरी, डावं अंग म्हणजे मुंबई. रेघ थोडी खाली सरकली तेव्हा मुंबईला हायसं वाटलं. त्याच वेळी श्रीवर्धनच्या वाड्यांमधल्या सुपाऱ्या कमरेत मोडत होत्या. नारळ उन्मळले, कौलं उडाली, विजेचे खांब वाकले, मोबाईलचे मनोरे बंद पडले. काही गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. सुपारीचं झाड हाताशी यायला सहा-सात वर्षं लागतात. म्हणजे त्या दुपारचं नुकसान अनेकांच्या घरात आज, या दिवाळीलाही, पुरतं भरून आलेलं नाही. मामांचा फोन त्या दुपारनंतर कित्येक दिवस लागत नव्हता आणि दिल्लीतलं ते अचूक पत्रक माझ्या काहीच कामाचं नव्हतं.

रेघेकडे बघण्याची ही सवय आपलीच नाही. फ्लोरिडात 28 सप्टेंबर 2022 रोजी इयन हे चक्रीवादळ धडकलं. आधीचे काही दिवस नकाशावरची रेघ टँपा शहराच्या बाजूला होती आणि अमेरिकेची सगळी नजर तिथे. दक्षिणेचा ली परगणा, म्हणजे फोर्ट मायर्सचा भाग, शंकूच्या कडेवर होता. तिथे घरं सोडायचा हुकूम निघाला तो वादळाच्या जेमतेम आदल्या सकाळी. रेघ खाली सरकली आणि माणसं समुद्राच्या लाटेत सापडली. त्यांच्या वादळ केंद्राचा शंकू असा आखलेला असतो की साधारण तीनातल्या दोन वेळा केंद्र त्याच्या आत राहील. तीनातली उरलेली एक वेळ नकाशा बघणाऱ्याला कुणी मोठ्याने सांगत नाही. टँपाच्या जागी मुंबई आणि फोर्ट मायर्सच्या जागी श्रीवर्धन ठेवलं की गोष्ट तीच.

अरबी समुद्रातली वादळं तर आणखी लहरी. त्यांना ढकलणारे वरचे वारे पुष्कळदा मंद असतात. दोन उच्चदाबांच्या मधे वादळ रेंगाळतं आणि मग ओमानकडे जाईल की गुजरातकडे वळेल, याचा भरवसा शेवटपर्यंत राहत नाही. जून 2019 मध्ये वायू वादळासाठी गुजरातने तीनेक लाख माणसं हलवली आणि किनाऱ्याच्या तोंडाशी येऊन वादळ समुद्राकडे वळलं. त्यानंतर "उगाच घाबरवलं" असं म्हणणारेही भेटले. मला ते हलवणं बरोबरच वाटतं, आज पुन्हा तशी वेळ आली तरी तेच करावं. पण माणसं हलवताना "वादळ येणार" असं ठाम सांगितलं आणि ते आलं नाही, तर पुढच्या वेळी अर्धी माणसं घरातच राहतात. "येण्याची शक्यता मोठी आहे, वळूही शकतं, पण वाट बघण्याइतका वेळ आपल्याकडे नाही", एवढं सांगितलं तर लोकांना ते कळत नाही, असं मानायचं कारण काय? कोकणातल्या तांडेलाला अनिश्चितता शिकवावी लागत नाही. त्याचा सगळा धंदाच तिच्यावर चालतो.

त्याला हवी असते ती वेळ. 11 नोव्हेंबर 2009 रोजी फयान वादळ मुंबई आणि अलिबागच्या मधे किनाऱ्याला लागलं, तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या होड्या आधीच खोल समुद्रात होत्या. अनेक खलाशी परतले नाहीत. 2017 च्या नोव्हेंबरअखेर ओखीने केरळ-तमिळनाडूच्या मच्छीमारांची तीच गत केली. इशारा कडक झाला तोवर बोटी बाहेर पडून गेलेल्या. त्यातल्या साडेनऊशेच्या आसपास माणसांना घेऊन बोटी भरकटत सिंधुदुर्गात देवगडच्या आसऱ्याला आल्या, तेव्हा त्यांच्या घरच्यांना ती जिवंत असल्याचं कळलं.

हे सगळं समुद्राचं झालं. पण दिल्लीतल्या वादळांना नाव नसतं, शंकू नसतो, आणि त्यांचं आयुष्य तास-दोन तासांचं.

एप्रिल ते जून या काळात इथली जमीन भाजून निघालेली असते. पश्चिमेकडून एखादा थंड प्रवाह वरून सरकतो, पूर्वेकडून बंगालच्या उपसागराचं बाष्प येतं, आणि दुपारनंतर ढग मनोऱ्यासारखे चढतात. खालची हवा इतकी कोरडी असते की ढगातून पडलेला पाऊस वाटेतच वाफ होऊन जातो. वाफ होताना तो हवेतली उष्णता खेचून घेतो. थंड, जड झालेली हवा दाणकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे धावते. तिच्या तोंडाशी धुळीची भिंत असते. हीच इथली आंधी. पाच-दहा मिनिटांत आकाश तांबूस, मग काळं, मग झाडं आडवी. 17 मार्च 1978 रोजी तर उत्तर दिल्लीत, विद्यापीठाच्या परिसरातून, खराखुरा चक्रीवात, म्हणजे टॉर्नेडो, घुसला होता आणि 28 माणसं गेली होती. दिल्लीत हे होऊ शकतं, हे आज कुणाच्या लक्षातही नाही.

अशा ढगाचा मार्ग आदल्या दिवशी सांगता येत नाही, कारण आदल्या दिवशी तो ढगच नसतो. उद्या परिस्थिती अनुकूल आहे, एवढंच सांगता येतं. नेमकं काही कळतं ते ढग उभा राहिल्यावर, पालम, लोधी रोड किंवा आयानगरच्या डॉप्लर रडारवर. तेव्हा पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज निघतो. हातात मिळतात ती चाळीस-पन्नास मिनिटं, कधी त्याहून कमी.

2018 च्या मे महिन्याने या सगळ्याची परीक्षा पाहिली. 2 मेच्या संध्याकाळी आणि रात्री धुळीच्या वादळाने आग्रा, भरतपूर, अलवर, धौलपूर हा पट्टा झोडपला. राजस्थान आणि उत्तर प्रदेश मिळून शंभरावर माणसं दगावली. बरीचशी घरात झोपलेली, भिंत किंवा पत्रा अंगावर येऊन. त्या धसक्याने पुढच्या इशाऱ्याला हरियाणाने 7 आणि 8 मे रोजी सगळ्या शाळा बंद ठेवल्या, दिल्लीनेही संध्याकाळच्या शाळांना सुट्टी दिली. तेव्हा वारा आला तो सौम्य. लोक हसले. आणि 13 तारखेच्या रविवारी, सगळे निर्धास्त असताना, जोराचं वादळ आलं, दिल्लीपासून बंगालपर्यंत पुन्हा अनेक बळी गेले. आठवडाभरात इशाऱ्याने गमावलेला विश्वास आणि त्याची किंमत, दोन्ही दिसून आलं.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती या वादळांची वेळ. 2 मे 2025 चं वादळ पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास आलं. नजफगढजवळच्या खरखरी नहर गावात शेतातल्या एका खोलीवर कडुलिंबाचं झाड कोसळलं आणि आत झोपलेली आई आणि तिची तीन मुलं गेली. त्याच महिन्यात 25 तारखेला मध्यरात्रीनंतर ताशी 82 किलोमीटरचा वारा सुटला, गाझियाबादच्या लोणी भागात एका पोलीस कार्यालयाचं छत पडलं आणि रात्री तिथेच झोपलेले एक उपनिरीक्षक मरण पावले. त्याआधीच्या वर्षी, 28 जून 2024 ला, सफदरजंगला चोवीस तासांत 228.1 मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला बहुतेक पहाटेच्या काही तासांत, आणि विमानतळाच्या एक नंबर टर्मिनलचं छत गाड्यांवर कोसळून एक चालक गेला. तीन तासांचा अंदाज रात्री दोनला निघाला, तर तो वाचायचा कुणी? ज्याच्या खोलीवर झाड झुकलेलं आहे त्याच्याकडे तो पोहोचवायचा कुणी?

आता हा अंदाज कुठल्या वाटेने येतो ते बघा. राजधानी परिसर म्हणायला एक, पण कारभार चार राज्यांचा: दिल्ली, उत्तर प्रदेश, हरियाणा, राजस्थान. आपत्ती व्यवस्थापनाची यंत्रणा प्रत्येकाची वेगळी. वादळ गुरुग्रामवरून दिल्लीत आणि दिल्लीवरून नोएडात येतं, इशारा मात्र जिल्ह्याच्या हद्दीने येतो. रोज गुरुग्रामला कामाला जाणाऱ्या नोएडाच्या माणसाला नेमका कुठला संदेश मिळेल, हे तो त्या क्षणी कुठे उभा आहे यावर ठरतं. संदेशात जिल्ह्यांची रांग आणि "गडगडाटासह जोराचे वारे". मे-जूनमध्ये इशाऱ्याचा पिवळा रंग इतका नेहमीचा होतो की तो रंगच वाटेनासा होतो. पत्रकाच्या तळाशी एक कोष्टक असतं, ते फार थोडे वाचतात. त्यानुसार "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर. आणि नुसती "शक्यता" म्हणजे पंचवीस ते पन्नास टक्के. हे आकडे बातमीपर्यंत पोहोचतच नाहीत. पोहोचतो तो "दिल्लीला वादळाचा इशारा" असा मथळा. मग द्वारकेत झाड पडतं आणि मयूर विहारात ऊन असतं, आणि मयूर विहारातला माणूस म्हणतो, यांचं काही खरं नाही.

2023 मध्ये देशभर मोबाईलवर एक चाचणी झाली. फोन अचानक कर्कश वाजायचा, थरथरायचा आणि पडद्यावर आपत्तीच्या इशाऱ्याचा नमुना यायचा. अनेकजण घाबरले, मग विनोद झाले. मला ती चाचणी फार आशेची वाटली होती. एका मनोऱ्याच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना, नंबर माहीत नसताना, एका क्षणात गाठता येतं. झोपलेल्या माणसाला उठवण्याची ताकद पत्रकात नाही, ॲपमध्ये नाही, या आवाजात आहे. पहाटेच्या वादळाला तो आवाज सवयीचा होईल इतक्यांदा नव्हे, पण खरोखर लाल वेळ असेल तेव्हा हमखास वाजायला हवा.

यंत्रांची उणीव आहे असं म्हणवत नाही. पुण्यात पाषाणच्या उष्णप्रदेशीय हवामान संस्थेत 'अर्क' आणि इथे नोएडाच्या सेक्टर 62 मध्ये 'अरुणिका' हे दोन महासंगणक सप्टेंबर 2024 पासून हवामानासाठी आहेत. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी घडवलेली नवी प्रणाली पूर्वीच्या बारा किलोमीटरच्या जाळीऐवजी सहा किलोमीटरच्या जाळीवर हवामान मांडते. ती देशाला अर्पण झाली 26 मे 2025 रोजी, लोणीतलं छत कोसळलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. सहा किलोमीटरचा चौकोन म्हणजे आमच्या बाजूची कित्येक सेक्टर्स. त्यात तीस मजल्यांचे मनोरे, खोडा कॉलनीच्या गल्ल्या, यमुनेच्या काठच्या झोपड्या आणि भाजीची शेतं सगळं एकाच रंगात रंगतं. जाळी आणखी बारीक होईल, व्हायलाच हवी. पण बावीसाव्या मजल्यावरची माझी बंद खिडकी आणि खाली पत्र्यावर विटा ठेवलेलं घर, यांतला फरक रडार कधीच दाखवणार नाही. तो माहीत असतो वस्तीतल्या माणसांना.

म्हणून मला जुन्या बंदरांची आठवण येते. कोलकाता बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्याची सोय 1865 मध्ये झाली, 1864 च्या भयंकर वादळानंतर. मग ती सगळ्या बंदरांवर पसरली. कोकणात अजूनही "बंदरात तीन नंबरचा बावटा लागलाय" म्हटलं की होडी ओढून घेतात, त्याला वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. दिवसा काठीवरची खूण, रात्री दिवे. बांगलादेशात 1972 पासून स्वयंसेवक लाल झेंडे आणि भोंगे घेऊन घरोघरी जातात. ओडिशात 1999 च्या महावादळाने दहा हजारांच्या आसपास माणसं नेली. 2019 मध्ये फनी आलं तेव्हा बारा लाखांवर माणसं हलवली गेली आणि बळी 64 वर राहिले. मधल्या वीस वर्षांत उपग्रह सुधारले, अंदाज सुधारले, आणि त्याच्याइतकंच महत्त्वाचं, कुठल्या गल्लीतल्या म्हातारीला कुणी उचलून निवाऱ्यात न्यायचं हे आधी ठरलेलं होतं. दिल्लीच्या आंधीसाठी असं काहीच ठरलेलं नाही. चाळीस मिनिटांत माणसं हलवता येत नाहीत हे खरं, पण त्यांना पत्र्याखालून पक्क्या भिंतीच्या आत, झाडाखालून उघड्यावर आणता येतं. गुरुद्वाऱ्याचा, मशिदीचा, देवळाचा भोंगा प्रत्येक वस्तीत आहे.

आमच्या सोसायटीत मागच्या उन्हाळ्यात आम्ही काहीजणांनी एवढंच केलं. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाच्या फोनवर मौसम आणि दामिनी ही दोन सरकारी ॲप्स टाकली, नारिंगी किंवा लाल दिसलं की कुणाला उठवायचं त्यांची यादी गेटवर चिकटवली. बाल्कनीतल्या कुंड्या, गच्चीवरचे सोलर पॅनल, उद्वाहनातले लोक, हे सगळं त्यात आलं. मग लक्षात आलं की समोरच्या प्लॉटवर इमारतीचं काम चालू आहे आणि तिथले मजूर कुटुंबांसह पत्र्याच्या शेडमध्ये झोपतात. ते कुठल्याच सोसायटीत नाहीत, कुठल्याच ग्रुपमध्ये नाहीत. त्यांच्या मुकादमाचा नंबर यादीत पहिला लिहिला आणि अर्धवट बांधलेल्या तळघराचं दार रात्री उघडं ठेवायचं ठरलं. मुकादम दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो, म्हणून नंबर पुन्हा पुन्हा विचारून घ्यावा लागतो. एप्रिलच्या आत तो पुन्हा विचारायचा आहे.